विश्लेषण : तारा निघाल्यावरही दात का सरकतात? रिटेनर आणि कवळीच्या पकडीमागचे शास्त्र काय?

दातांच्या तारा निघतात, त्या दिवशी घरात सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. दीड-दोन वर्षांच्या खेपा, दुखरे दात, टाळलेली चिक्की आणि हप्त्याहप्त्याने भरलेले पैसे, सारे सार्थकी लागल्यासारखे वाटते. त्याच दिवशी डॉक्टर हातात एक छोटी डबी ठेवतात. डबीतला रिटेनर काही महिने नेमाने वापरला जातो. मग परीक्षा येते, हॉस्टेल येते आणि डबी कपाटात जाते. काही वर्षांनी एखाद्या सेल्फीत लक्षात येते, की खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढू लागले आहेत. असे का होते? रिटेनर किती काळ वापरायचा? आणि आजोबांच्या सैल कवळीचा या सगळ्याशी काय संबंध?

रिटेनर म्हणजे नेमके काय?

रिटेनर म्हणजे धरून ठेवणारा. दंतवैद्यकात हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. तारा लावून सरळ केलेले दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन म्हणजे रिटेनर, ही बहुतेकांना ठाऊक असलेली बाजू. दुसरी बाजू कृत्रिम दातांची. पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवताना शेजारच्या दातांवर ज्या कॅप घालतात, त्यांनाही रिटेनरच म्हणतात. काढता-घालता येणाऱ्या कवळीचे आकडे ज्या दातांना धरतात, तेथेही हाच शब्द येतो.

पहिला रिटेनर नैसर्गिक दातांना हलू देत नाही, दुसरा कृत्रिम दातांना. दोन्हींची अडचण मात्र एकच आहे. ज्याच्या आधाराने पकड घ्यायची ते हाड आणि हिरडी जिवंत असते आणि आयुष्यभर बदलत राहते. त्यामुळे एकदा घेतलेली पकड कायमची राहील, असे गृहीत धरता येत नाही.

दात हाडात पक्का बसलेला नसतो का?

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला असतो, हा समज चुकीचा आहे. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा मऊ थर असतो. त्यात कोलॅजेनचे असंख्य तंतू, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. बाजेवर झोपलेला माणूस जसा सुंभाच्या विणीवर तोललेला असतो, तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. चावताना पडणारा दाब हे तंतू झेलतात.

तारांचा उपचार याच रचनेचा फायदा घेतो. दातावर हलका पण सततचा दाब दिला, की ज्या बाजूला तो ढकलला जातो तेथील थर दबतो आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तेथे नवे हाड तयार होऊ लागते. अशा रीतीने दाताबरोबर त्याची खोबणही सरकते. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतका असतो. म्हणूनच ‘लवकर उरकून टाका’ असे सांगून हा उपचार उरकत नाही.

मग तारा काढल्यावर दात मागे का फिरतात?

तारा निघतात तेव्हा दात योग्य जागी दिसतात, पण त्यांच्या भोवतीची बांधणी पूर्ण झालेली नसते. नवे हाड कोवळे असते आणि तंतूंचा थर रुंदावलेला असतो. त्यामुळे दात किंचित हलतातही. तारांनी एकत्र जखडलेले दात मोकळे होऊन स्वतंत्रपणे चावू लागतात, तेव्हाच तंतूंची नवी वीण बसायला सुरुवात होते.

नॉर्वेचे संशोधक कारे राइटन यांनी १९५०-६०च्या दशकांत या तंतूंचा सविस्तर अभ्यास केला. मुळाभोवतीच्या तंतूंची फेरजुळणी व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात. हिरडीतील कोलॅजेनच्या तंतूंना चार ते सहा महिने लागतात. हाडाच्या कडेवर, दाताच्या मानेभोवती असलेले लवचीक तंतू सर्वांत चिवट. त्यांना वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. तोवर ते ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या दिशेला ओढत राहतात.

स्वत:भोवती फिरलेला दात सरळ केला असेल, तर ही ओढ विशेष जाणवते. त्यासाठी दाताच्या मानेभोवतीचे हे तंतू छोट्या शस्त्रक्रियेने मोकळे करण्याची पद्धत जॉन एडवर्ड्स यांनी १९७०मध्ये मांडली. निवडक रुग्णांमध्ये ती आजही वापरली जाते.

दुसरे कारण जिभेचे आणि ओठांचे. जीभ आतून, तर ओठ आणि गाल बाहेरून दातांवर सतत दाब देतात. चावण्याचा दाब मोठा असला तरी क्षणभराचा असतो. विसावलेल्या जिभेचा दाब अगदी हलका असतो, पण तो तासन्‌तास टिकतो. दात सरकवण्यात हा हलका पण लांबलेला दाबच भारी ठरतो. या दोन बाजूंच्या तोलात न बसणाऱ्या जागी दात नेले असतील, तर ते तेथून हलू पाहतात.

दीर्घकालीन अभ्यासांत काय दिसले?

पूर्वी अनेक डॉक्टर दोन-एक वर्षे रिटेनर वापरायला सांगत आणि मग तो बंद करत. दात एव्हाना ‘बसले’ असतील, असा त्यामागचा विचार. या विचाराला सर्वांत मोठा धक्का अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासांनी दिला.

रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१मध्ये ६५ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. या सर्वांच्या पहिल्या उपदाढा काढून तारांचा उपचार झाला होता आणि रिटेनर बंद होऊन किमान दहा वर्षे उलटली होती. त्यांच्यापैकी जवळपास दोन तृतीयांश रुग्णांच्या खालच्या पुढच्या दातांची रांग असमाधानकारक झालेली आढळली. १९८८मध्ये यांतील ३१ जणांना वीस वर्षांनंतर पाहिले, तेव्हा ज्यांची रांग स्वीकारार्ह म्हणता येईल असे अवघे १० टक्के उरले होते.

याचा अर्थ सगळ्यांचे दात पहिल्यासारखे वेडेवाकडे झाले, असा नाही. अभ्यासही एकाच केंद्रातील आणि ठरावीक प्रकारच्या रुग्णांचा होता. पण त्यातील एक निष्कर्ष आजही डॉक्टरांना सावध करतो. कोणाचे दात टिकतील आणि कोणाचे सरकतील, हे आधी सांगता येईल असा भरवशाचा निकष सापडला नाही. म्हणून आता सर्वांचेच दात सरकू शकतात, असे धरून चालण्याकडे कल आहे.

अक्कलदाढेमुळे पुढचे दात ढकलले जातात का?

घरोघरी सांगितले जाणारे हे कारण. अठरा-वीस वर्षांच्या वयात अक्कलदाढ येते आणि त्याच सुमारास खालचे दात दाटी करू लागतात, त्यामुळे दोष तिच्या माथी येतो. ब्रिटनमध्ये दाटी रोखण्यासाठी अक्कलदाढ काढण्याचा उपयोग होतो का, हे तपासणारी चाचणी १९९८मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ पुढच्या दातांची दाटी टाळण्यासाठी अक्कलदाढ काढणे समर्थनीय नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. दाढ किडली असेल, आडवी अडकून वारंवार सूज येत असेल, तर ती काढण्याची कारणे वेगळी.

खरे म्हणजे ज्यांनी कधीच तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात वाढत्या वयात हळूहळू दाटी करतात. चेहऱ्यावर सुरकुत्या येतात, केस पांढरे होतात, तसाच हा बदल. त्यामुळे काही वर्षांनी दात सरकले, तर तो दर वेळी डॉक्टरच्या उपचारातील दोष नसतो.

रिटेनरचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने तीन. पहिला म्हणजे टाळूवर किंवा जिभेच्या बाजूला बसणारी ॲक्रिलिकची प्लेट आणि दातांसमोरून जाणारी स्टीलची तार. तो अमेरिकी डॉक्टर चार्ल्स हॉली यांच्या नावाने ओळखला जातो आणि १९१९पासून वापरात आहे. तो टिकाऊ असतो, तारेला थोडा पीळ देऊन त्यात दुरुस्ती करता येते. पण तार दिसते आणि सुरुवातीला बोलताना शब्द अडखळतात.

दुसरा पारदर्शक. दातांच्या साच्यावर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, हवा ओढून घट्ट बसवला जातो. जॉन शेरिडन यांनी १९९३मध्ये मांडलेल्या ‘एसिक्स’ प्रकारानंतर तो लोकप्रिय झाला. तो चटकन नजरेत भरत नाही. मात्र तो लवकर झिजतो, त्याला चिरा पडतात आणि ठरावीक काळाने नवा करावा लागतो.

तिसरा पक्का रिटेनर. दातांच्या आतल्या बाजूला, बहुधा खालच्या एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, पिळाची बारीक तार चिकटवली जाते. नॉर्वेचे ब्यॉर्न झाक्रिसन यांनी १९७७मध्ये या पद्धतीचा अनुभव मांडला आणि पुढे ती जगभर रुजली. तो विसरण्याचा किंवा हरवण्याचा प्रश्नच येत नाही.

यांतला कोणता चांगला?

याचे एकच उत्तर नाही. जगभरातील वैद्यकीय चाचण्या तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेने या विषयाचा अनेकदा आढावा घेतला आहे. अमुक एक रिटेनर इतरांपेक्षा निश्चित सरस आहे, असे ठामपणे सांगण्याइतके भक्कम पुरावे तिला २०२३च्या आढाव्यातही मिळाले नाहीत.

त्यामुळे निवड रुग्ण पाहून होते. पुढच्या दोन दातांत मोठी फट होती का, दात फिरलेले होते का, हिरड्या नाजूक आहेत का, रुग्ण रिटेनर नेमाने वापरेल का, या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची ठरतात. अनेकदा खाली पक्की तार आणि वर काढता-घालता येणारा रिटेनर अशी जोडी दिली जाते.

किती काळ वापरायचा?

पद्धती डॉक्टरागणिक बदलतात. काही जण सुरुवातीचे काही महिने जेवण आणि दात घासणे सोडून दिवसरात्र रिटेनर वापरायला सांगतात, नंतर फक्त रात्री. पारदर्शक रिटेनर पहिल्यापासून रात्रीच पुरतो, असे मानणारेही आहेत. आपल्या डॉक्टरने आखून दिलेले वेळापत्रक पाळणे हाच मार्ग.

एका गोष्टीवर मात्र बरेच एकमत होत आहे. दात जागेवर राहावेत असे जोवर वाटते, तोवर रिटेनरची साथ सोडू नये. ब्रिटिश ऑर्थोडॉन्टिक सोसायटीने २०१७मध्ये हाच संदेश देणारी मोहीम सुरू केली. तारा लावण्याचा निर्णय घेताना कुटुंबाने ही बाब पहिल्याच भेटीत विचारून घ्यायला हवी. नव्या रिटेनरचा पुढचा खर्च आणि तपासणीच्या खेपा त्या हिशेबात धराव्या लागतात.

पक्की तार लावली की काळजी मिटली?

नाही. चिकटवलेल्या तारेमागे कीटण साचते. नेहमीचा फ्लॉस तारेखाली थेट जात नाही, त्यासाठी बारीक ब्रश किंवा टोकाला कडक असलेला फ्लॉस लागतो.

त्याहून मोठा धोका नकळत घडतो. तार एखाद्या दातावरून सुटते, पण इतर दातांना चिकटलेली असल्याने पडत नाही. रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि तो दात मोकळा होऊन सरकू लागतो. कधी तार सुटलेली नसतानाही ती किंचित वाकलेली किंवा पिळलेली असेल, तर स्वत:च दातांवर दाब देऊ लागते. मग एखादा दात कलतो, त्याचे मूळ हाडाच्या बाहेर डोकावू लागते आणि हिरडी खाली सरकते. सरळ रांगेत एकच दात वेगळा कललेला दिसू लागला किंवा जिभेला तार खुपू लागली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

पूर्ण कवळी कशाच्या आधाराने टिकते?

एकही दात नसलेल्या तोंडात पकडायला आकडा नसतो. तेथे पकड येते ती लाळेच्या पातळ थरामुळे. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, की त्या सहज सुटत नाहीत. कवळी आणि टाळू यांच्यात तसेच घडते. कवळीच्या कडा गालाच्या आतील भागाशी नीट मिळाल्या, तर हवा आत शिरत नाही आणि वरची कवळी टिकून राहते. हे तंत्र रुळण्यापूर्वी कवळ्यांना स्प्रिंग लावत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या अशाच होत्या. त्या लाकडी असल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे, पण खोटी. त्यांत हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दातही वापरलेले होते.

खालची कवळी नेहमीच जास्त त्रास देते. तिला टाळूचा आधार नाही, आकार नालेसारखा आणि मध्ये सतत हलणारी जीभ. वयामुळे किंवा काही औषधांमुळे तोंड कोरडे पडत असेल, तर पकड आणखी सुटते.

दात गेल्यावर त्याला धरणारे हाडही झिजत जाते. आन्त्ये टालग्रेन यांनी २५ वर्षांचा काळ कवेत घेणारा अभ्यास १९७२मध्ये प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. दहा वर्षांपूर्वी चपखल बसलेली कवळी आज डुगडुगते, ती यामुळे. कवळी तीच राहते, तिच्याखालची जमीन खचलेली असते.

काही दात शिल्लक असतील तर?

तेव्हा शेजारच्या दातांचा आधार घेता येतो. ही कल्पना फार जुनी आहे. इटलीतील प्राचीन इट्रुस्कन लोकांनी सोन्याच्या पट्ट्यांनी कृत्रिम दात शेजारच्या दातांना बांधल्याचे पुरावे उत्खननात सापडले आहेत.

आजच्या धातूच्या अर्धवट कवळीचे आकडे दाताच्या फुगीर भागाखालच्या खोलगट जागेत शिरतात. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव आकड्याला साधारण ०.२५ मिलिमीटर खोली पुरते. एवढ्याशा अडकणीवर कवळी चिकट घासालाही तोंड देते. आकडा जास्त आवळला, तर कवळी घट्ट बसेल, पण आधार देणारा दातच हलू लागेल. म्हणून घरी पक्कड घेऊन आकडे दाबण्याचा प्रयोग महागात पडतो.

ब्रिजमध्ये शेजारच्या दातांना आकार देऊन कॅप बसवल्या जातात. कॅपखालचा दात किडला किंवा सिमेंट सुटले, तर पूर्ण ब्रिज धोक्यात येतो. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला थेट जोडले जाते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी १९६५मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. इम्प्लांटभोवती तंतूंचा मऊ थर नसल्याने तो दातासारखा सरकत नाही. खालचा जबडा पूर्ण दंतहीन असेल, तर दोन इम्प्लांटवर बटणासारखी अडकणारी कवळी हा पहिला पर्याय असावा, अशी शिफारस कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२मध्ये केली. खर्च मात्र अनेकांना आजही परवडत नाही.

सैल पकड धोक्याची का?

‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात २०१९मध्ये ब्रिटनमधील ७२ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना गिळताना त्रास होऊ लागला, तोंडातून रक्त येऊ लागले. आठ दिवसांनी कारण सापडले. शस्त्रक्रियेवेळी काढायची राहिलेली तीन दातांची कवळी घशात अडकली होती. ॲक्रिलिक एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे धातू नसलेली कवळी शोधणे आणखी कठीण. शस्त्रक्रियेपूर्वी कवळी आणि काढता येणारा रिटेनर काढून ठेवावा आणि भूलतज्ज्ञांना तसे आवर्जून सांगावे.

रोजची काळजी काय घ्यावी?

रिटेनर आणि कवळी गरम पाण्यात घालू नयेत, प्लास्टिकचा आकार बिघडतो. साधे पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरेसा. पारदर्शक रिटेनर घालून चहा, सरबत किंवा शीतपेय पिऊ नये. साखर आत अडकते, लाळ तेथे पोहोचत नाही आणि दात किडतात. हॉटेलात जेवताना रिटेनर कागदी रुमालात गुंडाळून ठेवला, की तो ताटाबरोबर कचऱ्यात जातो. डबी सोबत असावी. कवळी रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी. हिरडीला विश्रांती मिळते आणि बुरशीचा संसर्ग टळतो.

बरेच दिवस न वापरलेला रिटेनर पुन्हा घालताना थोडा घट्ट लागला, पण पूर्ण बसला, तर तो वापरायला सुरुवात करून डॉक्टरांना कळवावे. तो बसतच नसेल, तर जोर लावू नये. मूळ डॉक्टर दुसऱ्या शहरात असतील, तर जवळच्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतही याचे स्वतंत्र विभाग आहेत. दात थोडेच सरकले असतील, तर आहे त्या स्थितीत नवा रिटेनर करून पुढचे सरकणे थांबवता येते. उशीर झाला, तर पुन्हा तारा. कपाटातली डबी आज उघडून रिटेनर बसतो का, हे पाहायला एक मिनिट पुरते.